शेळीची कास समजून घेताना



मागच्या अंकात आपल्या शेळी-वाटपाचे छायाचित्र छापले होते. ते पाहून एका भगिनीने फोन करून विचारले, "आमच्या महिला मंडळाने दिलेली शेळी आता दूध किती देते?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. त्याच पंधरवड्यात एका पाड्यावर आपल्या योजनेतील शेळीची दोन करडे मेली होती, आणि दुसऱ्या पाड्यावरच्या एका शेळीची अर्धी कास कायमची गेली होती. फोन करणाऱ्या भगिनीच्या मंडळाने दिलेली शेळी हीच दुसरी. "नंतर सविस्तर कळवते," असे म्हणून मी फोन ठेवला. हा लेख म्हणजे ते सविस्तर कळवणे आहे.

दोष शेळ्यांचा नव्हता, त्या बायांचाही नव्हता. आम्ही शेळ्या दिल्या, कानाला बिल्ले लावले, प्रार्थना केली आणि परत आलो. कास म्हणजे काय, ती कशी भरते आणि कशाने बिघडते, हे आम्ही कुणाला सांगितले नाही. सांगणार तरी काय? मलाच ते ठाऊक नव्हते. धर्मशास्त्राच्या डिप्लोमाला लेवीयचे पुस्तक होते, त्यात शेळ्या-मेंढ्या पुष्कळ आहेत. पण त्या वेदीपाशी येतात, गोठ्यात नाही. या दोन घटनांनंतर मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे बरेच दिवस जाऊन बसले आणि एक वही भरली. तिच्यातले कामाचे तेवढे इथे देते.

कास बाहेरून एकच दिसते, पण आतून ती एक नसते. गाईच्या आणि म्हशीच्या कासेचे चार भाग असतात, प्रत्येकाला एक सड. हे चारही भाग म्हणजे चार स्वतंत्र घरे. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या मध्ये एक जाड, लवचिक पडदा असतो. तोच वरच्या बाजूला पोटाच्या भिंतीला जोडलेला असतो आणि कासेचा भार तोलून धरतो. म्हाताऱ्या गाईची कास गुडघ्यापर्यंत लोंबते, ती हा पडदा सैल पडल्यामुळे. पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये असा ठळक पडदा नसतो, तरी एका भागातले दूध दुसऱ्यात जात नाही. मागचे दोन भाग मोठे असतात. गाईचे सुमारे ६० टक्के दूध त्यांच्यातूनच येते.

शेळी आणि मेंढीला दोनच भाग आणि दोनच सड. डुकरिणीला पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने बारा-चौदा सड असतात आणि पिल्ले जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आपापला सड ठरवून घेतात, मग दुसऱ्याला तिथे येऊ देत नाहीत. (आमच्या वसतिगृहातल्या मुलांना हे सांगितले तेव्हा ती इतकी हसली की पुढचे शिकवणे राहूनच गेले.)

आता आत जाऊ. नाशिककडच्या वाचकांना द्राक्षाचा घोस समजावून सांगायला नको. कासेच्या आत असे हजारो सूक्ष्म घोस असतात. त्यातला एकेक मणी म्हणजे दूध तयार करणारी एक पोकळ पिशवी, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या आतल्या अंगाला दूध बनवणाऱ्या पेशींचे अस्तर असते. बाहेरून तिच्याभोवती रक्ताच्या बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते आणि स्नायूंसारख्या आकसणाऱ्या पेशींची एक टोपलीच विणलेली असते. ही टोपली लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. मण्यांचे देठ म्हणजे नळ्या. लहान नळ्या मोठ्या नळ्यांना मिळतात, त्या सडाच्या वर असलेल्या एका पोकळीत उघडतात, आणि तिथून दूध सडात उतरते. सडाच्या टोकाला अगदी अरुंद वाट असते, गाईत जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची. तिच्याभोवती वळ्यासारखा स्नायू असतो, तो वाट घट्ट मिटून ठेवतो. आतून या वाटेला मेणासारखा थर असतो. बाहेरच्या घाणीपासून कासेचे रक्षण करणारे दार ते एवढेच.

दूध रक्तातून तयार होते, पण रक्त गाळून दूध होत नाही. पेशी रक्तातून साखर, चरबीचे घटक आणि प्रथिनांचे घटक उचलतात आणि त्यांची नवी घडण करतात. दुधातली साखर आणि दुधातले मुख्य प्रथिन रक्तात सापडत नाही. ते कासेतच बनते. एक लिटर दूध बनवायला कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. हा आकडा डॉक्टरांनी सांगितला तेव्हा मी वहीत दोनदा लिहिला.

दुधातली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून आणते, म्हणून साखर जितकी बनेल तितके दूध वाढते. शेळीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. आमच्या सुरगाणा-पेठच्या डोंगरात पावसाळ्यात पाणी धो-धो कोसळते आणि एप्रिल-मे महिन्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापर्यंत उतरतात. त्या दिवसांत शेळ्यांना एकदाच पाणी मिळते आणि दूध आटते. आम्ही इतकी वर्षे त्याला "उन्हाळ्यामुळे" म्हणत होतो. ऊन असतेच, पण कासेला पाणीही मिळत नसते.

कासेची घडण मात्र फार आधीपासून सुरू होते. कालवड किंवा पाट आईच्या पोटात असतानाच तिच्या सडांच्या जागा ठरतात. जन्मताना सड असतात, आत मात्र दोन-चार नळ्या आणि थोडी चरबी. कालवड साधारण तीन ते नऊ महिन्यांची असताना या नळ्या जोराने फुटू लागतात. त्या वयात तिला उपाशी ठेवले तर वाढ खुंटते आणि नुसते धान्य चारून लठ्ठ केले तर नळ्यांच्या जागी चरबी भरते. पण खरी वाढ गाभणपणात होते. तेव्हा इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे नळ्या लांबतात आणि प्रोजेस्टेरॉनमुळे घोसाचे मणी भरतात. तेच प्रोजेस्टेरॉन दूध सुरू होऊ देत नाही. विण्याच्या सुमारास ते एकदम उतरते, प्रोलॅक्टिन आपले काम करू लागते आणि कास भरते. म्हणून पाटीला घाईने फळवू नये; तिचे वजन पूर्ण वाढलेल्या शेळीच्या निदान दोन-तृतीयांश झालेले असावे. स्वतःच वाढायची राहिलेली पाट कास काय वाढवणार? आपल्या पहिल्या वाटपात अशा कोवळ्या पाटी होत्या. स्वस्त मिळाल्या म्हणून आम्ही घेतल्या. तो व्यवहार मी केला होता.

आता पान्हा. हा शब्द आपण किती सहज वापरतो! दूध मण्यांत बनून राहते, ते आपोआप खाली येत नाही. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्साच दूध असते, बाकी वर घोसांत अडकलेले. म्हशीत तर खाली फारच थोडे असते. शेळीची पोकळी मोठी, तिच्यात बरेचदा निम्म्याहून जास्त दूध उतरलेले असते. म्हणून शेळी कुणालाही धार देते आणि म्हैस वाट पाहायला लावते. वासराने कासेला ढुशी दिली, सड तोंडात धरला, की त्याची संवेदना मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते आणि साधारण मिनिटाभरात कासेपर्यंत पोहोचते. मघाशी सांगितलेली टोपली आवळली जाते, मणी पिळले जातात, दूध खाली येते. हा जोर पाच-आठ मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार काढून झाली पाहिजे.

गाय घाबरली, तिला मारले, कुत्रे भुंकले, तर ॲड्रेनॅलिन सुटते. रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिटोसिन कासेपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पान्हा अडतो. आपण म्हणतो, गाय पान्हा चोरते. बिचारी चोरत काही नाही, ते तिच्या हाती नसतेच. आमच्याकडच्या डांगी गाईंसारख्या देशी गाईंना वासरू जवळ लागते. वासरू मेले तर पुष्कळ वेळा गाय दूधच देत नाही. काही लोक यावर इंजेक्शन देऊन पान्हा काढतात. तसे करू नये. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

हे शिकल्यावर मी १ शमुवेल ६ पुन्हा वाचला. पलिष्ट्यांनी कराराचा कोश परत पाठवताना कधी जुवाला न जुंपलेल्या दोन दुभत्या गाई गाडीला जोडल्या आणि त्यांची वासरे घरी कोंडली. त्या गाई हंबरत हंबरत, पण सरळ बेथ-शेमेशच्या रस्त्याने गेल्या. लहानपणापासून हा चमत्कार मी कोशाच्या बाजूने ऐकला आहे. आता मला त्यांचे हंबरणेही ऐकू येते. वासरे मागे राहिलेली, कास भरलेली, आणि पाय पुढे पडत होते. पलिष्ट्यांना गुरे कळत होती, म्हणूनच त्यांनी ती परीक्षा ठरवली होती.

आता त्या दोन करडांविषयी.

शेळी रात्री व्याली, जुळी झाली. दोन्ही करडे धडधाकट होती. आमच्या भागात, आणि इतरत्रही बऱ्याच ठिकाणी, अशी समजूत आहे की जार पडल्याशिवाय पिलाला पाजू नये. त्या घरच्या आजीने करडे टोपलीखाली झाकून ठेवली. जार पडता पडता दुसरा दिवस मावळला. मग पहिला चीक चुलीवर चढला, शेजारी वाटला गेला. करडांना पाजले ते रात्री. तिसऱ्या दिवशी दोघांना हगवण लागली आणि चौथ्या दिवशी दोन्ही गेली. मी पोहोचले तेव्हा आजी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "ताई, आमचं काही चुकलं का?" मी म्हणाले, "नाही आजी." तेव्हा मला खरेच तसे वाटले होते.

चिकाची गोष्ट अशी आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढणारी प्रतिपिंडे मिळतात, ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या जारेतून ती जाऊ शकत नाहीत. त्यांचे पिलू जन्मते ते अगदी निःशस्त्र. त्याचा सगळा शस्त्रसाठा चिकात असतो. पिलाचे आतडे ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण फार थोडा वेळ. पहिले सहा तास उत्तम, पुढे ती क्षमता झपाट्याने उतरते आणि साधारण चोवीस तासांत दार बंद होते. त्यानंतर चीक पोटात गेला तरी तो अन्न असतो, ढाल नसतो. पिलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, आणि त्यातला बराचसा पहिल्या काही तासांतच. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोनेक कप. एवढ्यावरून आपण दोन करडे गमावली.

आणि जारेचे काय? पिलू लुचू लागले की सुटणारे ऑक्सिटोसिन कासेबरोबर गर्भाशयालाही आकसवते, त्यामुळे जार पडायला मदतच होते. जार पडावी म्हणून पाजायचे थांबतात, आणि पाजले असते तर ती लवकर पडायला मदत झाली असती. हे मी आजीला पुढच्या भेटीत सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीला अंगणवाडीवाली तासाभरात पाजायला सांगते ते हेच का?" मी म्हणाले, हेच. माणसात थोडा फरक आहे, पण घाई तीच.

खरवस खाऊच नये असे मी म्हणत नाही. मला स्वतःला आवडतो. पिलाचे पोट भरल्यावर गाईच्या कासेत उरतो त्याचा करावा. शेळीच्या जुळ्यांचे भागल्यावर सहसा काही उरत नाही. निर्गम २२:३० मध्ये गुराढोरांच्या प्रथमवत्साविषयी जी आज्ञा आहे, त्यात पिलाला सात दिवस आईपाशी राहू द्यायचे आणि आठव्या दिवशी अर्पायचे असे ठरवले आहे. ही आज्ञा आरोग्यासाठी दिली होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ओढूनताणून अर्थ लावणे मला आवडत नाही. पण त्या सात दिवसांत चीक पिलाच्याच पोटात जात होता, एवढे खरे.

दुसरी शेळी त्या मंडळाची. तिला एकच करडू झाले आणि ते एकाच सडाला पिई. दुसरा भाग तटतटून भरे. ती शेळी सांभाळणारी बाई विधवा आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या भातलावणीला जाई. संध्याकाळी चिखलाच्या हाताने, जमेल तशी, अर्धवट धार काढी. जुलैचे दिवस, गोठा ओला, आणि धार काढल्याबरोबर शेळी त्या ओल्यातच बसे. सडाचे दार धार काढल्यावर लगेच मिटत नाही, नीट मिटायला अर्धा तास तरी लागतो. तेवढ्यात शेणाचिखलातले जंतू आत शिरतात. आत त्यांना ऊब आणि दूध दोन्ही मिळते. यालाच कासदाह म्हणतात, आपल्या लोकांच्या भाषेत दगडी, कारण कास दगडासारखी घट्ट होते.

शनिवारी रात्री त्या बाईने कुणाच्या तरी फोनवरून मला सांगितले, "कास गरम आहे, हात लावू देत नाही, दुधात गाठी येतात." मी म्हणाले, हळदीचा लेप लावा, उद्या रविवार आहे, सोमवारी डॉक्टरांना घेऊन येते. रविवारी मी उपासनेला होते. सोमवारी गेलो तेव्हा कासेची डावी बाजू थंड पडली होती आणि निळसर काळी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवी होती. जंतूंच्या विषाने त्या भागाचा रक्तपुरवठाच तुटला होता. शेळी औषधांनी वाचली, तो भाग पुढच्या आठवड्यांत सुकून गळून पडला. लूक १४ मधला, शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाचा प्रश्न मी संडे स्कूलच्या मुलांना किती वर्षे शिकवते आहे.

दगडी ओळखायला मोठी साधने लागत नाहीत. धार काढताना पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या ताटलीत घ्याव्यात. गाठी, पाणीदारपणा, रक्ताची छटा काही दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या सडाचे दूध कुणाला पाजू नये, आणि औषध चालू असताना व डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही कोणत्याच सडाचे दूध घरात वापरू नये. टाळायचे असेल तर हात धुवावेत, सड धुऊन कोरडे पुसावेत (नुसते ओले करून सोडणे जास्त वाईट), पूर्ण मुठीने धार काढावी, अंगठा मुडपून ओढू नये, त्याने सडाला आतून इजा होते. कास पूर्ण रिकामी करावी. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. आणि लगेच पुढ्यात चारा टाकावा, म्हणजे जनावर खात अर्धा तास उभे राहते. सगळ्यांत स्वस्त उपाय हा चाऱ्याचा, आणि बायांना सगळ्यांत आधी पटलेलाही हाच. दूध मात्र नेहमी उकळूनच प्यावे. जनावर वरून निरोगी दिसले तरी.

कासेला विश्रांतीही लागते. गाय पुन्हा विण्याआधी साधारण दोन महिने आणि शेळी दीड-दोन महिने आटवावी, म्हणजे जुन्या पेशी जाऊन नव्या येतात. शेवटच्या थेंबापर्यंत पिळले तर पुढच्या वेताला दूध कमी आणि चीकही पातळ. ज्या घरात दुसरे काहीच दूध नाही, तिथे हे सांगताना मला जड जाते. म्हणून आता आम्ही एका पाड्यावरच्या शेळ्या एकाच वेळी भाकड होणार नाहीत अशा बेताने देतो आणि शेजारणी आपसांत दूध देतात-घेतात.

यंदाच्या वाटपात गाभण शेळ्या टेम्पोतून न्यायच्या नाहीत असे ठरले आहे. प्रत्येक शेळीबरोबर एक काळी ताटली, आयोडीनची बाटली आणि अर्ध्या दिवसाचे शिकवणे. शिकवायला डॉक्टर येतात आणि ती आजीही येते. चिकाचा भाग तीच सांगते. माझ्यापेक्षा तिचे लोक जास्त ऐकतात, कारण ती पहिले वाक्यच असे म्हणते की माझी दोन करडे मी मारली. मी तिला तसे म्हणू नका असे सांगून पाहिले. ती ऐकत नाही.

आणि फोन करणाऱ्या भगिनीस: आपल्या मंडळाची शेळी जिवंत आहे. सुरुवातीला सांगितले तसे कासेचे दोन्ही भाग वेगळे असतात, म्हणून डावा गेला तरी उजवा राहिला, आणि तो थोडी भरपाईही करतो आहे. ती फेब्रुवारीत पुन्हा व्याली. या वेळी दोन पाटी झाल्या, त्यांनी अर्ध्या तासाच्या आत चीक प्यायला. एका सडावर दोघी पाळीपाळीने पितात, कमी पडते तेव्हा शेजारच्या शेळीचे दूध बाटलीने पाजतात. घरासाठी सध्या रोज एक पेलाभर दूध निघते. ते त्या बाईच्या धाकट्या मुलाला मिळते.